‘तळमजला’चा संक्षिप्त इतिहास

इतिहास मेलेल्या माणसांचाच का लिहितात, हे मला या वयात कळलं. जिवंत माणसांचा लिहायला घेतला की ती मध्ये मध्ये बोलतात. “छे हो, तसं नव्हतं,” म्हणतात. एकाने सांगितलेलं दुसरा खोडतो, दुसऱ्याने खोडलेलं तिसरा परत लिहायला लावतो, आणि चहा मात्र तिघांनाही आपल्याच घरचा लागतो.

माझ्या मेहुण्याचा एक बँड आहे. लाल कोट घालून रस्त्याने चालतो तो नव्हे, रॉक बँड. त्यात तिघंजण. मेहुणा गातो आणि गिटार वाजवतो. एरवी तो चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतो. ड्रम वाजवतात ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून झालं की संध्याकाळी ते जे बडवायला बसतात, ते ऐकून पेशंट त्यांच्याकडे परत कसे जातात याचं मला नवल वाटतं. आणि बेस गिटार, म्हणजे ती जाड तारांची, ऐकताना पोटात घुमणारी, ती वाजवतात शाळेतल्या गणिताच्या बाई. बाईंसमोर मी अजूनही शर्टाचं वरचं बटण लावतो. बँडचं नाव ‘तळमजला’, कारण तो आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या खोलीत जन्मला आणि तिथून फारसा कुठे गेला नाही.

मी या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण सांगतो.

आता त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, निवृत्त जज्जसाहेब राहतात. न्यायालयातून निवृत्त झाले, पण हरकती ऐकायची सवय गेली नाही. ऐकायला कुणाच्या मिळेनात म्हणून ते स्वतःच घ्यायला लागले. बँडने पहिल्या दिवशी पहिला ठोका मारला आणि दुसरा पडायच्या आत साहेब काठी टेकत माझ्या दारात हजर. एकीकडे सख्खा मेहुणा, दुसरीकडे माजी न्यायाधीश, आणि मधे मी. तेव्हा मी जो तोडगा काढला त्याला आजही तोड नाही. म्हटलं, संध्याकाळी टाकी भरायला पंप चालतोच. त्याची घरघर सगळे मुकाट्याने सोसतात. बँडने फक्त पंप चालू असतानाच वाजवावं. एका आवाजात दुसरा मुरून जाईल. सापही मेला, काठीही मोडली नाही. सभेत टाळ्या पडल्या. जज्जसाहेबांनी वाजवल्या नाहीत, पण काठी एकदा आपटली, ती मी मंजुरी समजलो.

तो पंप म्हणजे इमारतीएवढाच जुना. सुरू झाला की ‘घूंऽऽ’ असा एक सूर धरून बसायचा, आणि आतलं काहीतरी झिजलेलं असल्यामुळे ठरावीक अंतराने त्यात एक ‘खट’ यायचा. प्लंबर दर वर्षी त्याच्याकडे बघून “हा आता काही दिवसांचा” असं म्हणायचा. त्या काळात दोन प्लंबर बदलले.

तर अशा रीतीने हा बँड अठरा-एकोणीस वर्षं वाजवतोय. आणि आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या खोलीत ते तिघं जे वाजवतात, त्याला तोड नाही. मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. पण संध्याकाळी मी मीटर बघायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन बसायचो. रोज मीटर बघणारा सेक्रेटरी म्हणून माझा लौकिक झाला तो त्यामुळेच. त्यांचं एक जिन्याचं गाणं आहे, वर जाणारी माणसं आणि खाली येणारी माणसं यांचं. ते ऐकताना मला एकदा रडू आलं होतं आणि मी मीटरमध्ये तोंड घालून उभा राहिलो होतो.

पण हाच बँड बाहेर गेला की काय व्हायचं देव जाणे. कॉलेजात वाजवून आले, क्लबात वाजवून आले, एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवून आले. सगळीकडे तेच. गाणी तीच, माणसं तीच, पण आतून पोकळ. लोक टाळ्या वाजवायचे त्या डास मारल्यासारख्या. परत येताना डॉक्टर म्हणायचे, स्पीकर भिकार होते. बाई म्हणायच्या, हॉलची उंची चुकीची होती. मेहुणा खिडकीबाहेर बघत बसायचा. आणि दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला की तिघं पुन्हा खोलीत हजर. मला एकदा बढती हुकली तर मी दोन वर्षं ऑफिसातल्या साहेबांशी धड बोललो नाही. हे लोक दर वेळी तोंडघशी पडून दुसऱ्या दिवशी तारा जुळवायला बसत. याला काय म्हणावं मला माहीत नाही, पण माझ्यात ते नाही एवढं खरं.

मग यंदा एक रेकॉर्डिंगवाला आला. बँडसाठी नव्हे, दुसऱ्या मजल्यावर त्याची मावशी राहते तिला भेटायला. जिन्यात पाय ठेवला आणि तिथेच थबकला. मी मीटरपाशी होतोच. मला म्हणाला, “हे कोण वाजवतंय?” मी म्हटलं, “आमच्याकडचे आहेत.” मेहुणा म्हटलं की लोक उगाच किंमत कमी करतात. तो मावशीला न भेटताच खाली खोलीत गेला आणि म्हणाला, “याच खोलीत रेकॉर्ड करायचं. असंच्या असं.”

डॉक्टरांनी ड्रमच्या काठ्या पुसत सांगून टाकलं, “करू. पण ही शेवटची. खांदे बोलायला लागलेत माझे. हे जमलं नाही तर मी ड्रम विकणार.” बाईंनी मान हलवली. गणितात जसं उत्तर एकदा आलं की आलं, तसं ते ठरून गेलं. मेहुणा हसला, पण त्या दिवशी आमच्याकडे जेवायला बसला आणि ताटात बोट फिरवत राहिला. तो गेल्यावर ही मला म्हणाली, “अहो, हे मोडलं ना, तर हा नुसते चष्मे विकत राहील. माझा भाऊ आहे तो, मला माहितीय.”

रेकॉर्डच्या वेष्टनावर बँडचा इतिहास हवा होता, एक पानभर. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, तुम्हीच लिहा. तुमच्या नोटिशी लोक थांबून वाचतात.” लोक थांबून वाचतात कारण पाणी कधी जाणार ते त्यात असतं, पण मी ते बोललो नाही.

इथून माझी साडेसाती सुरू झाली. बँड का काढला, एवढा साधा प्रश्न. मेहुणा म्हणाला, प्रेमभंग झाला म्हणून. डॉक्टर म्हणाले, याचा कसला प्रेमभंग, त्या पोरीला याचं नावही माहीत नव्हतं. माझ्याकडे तेव्हा पेशंट नव्हते, म्हणून काढला. बाई म्हणाल्या, “संध्याकाळी पालक घरी येऊन मार्कांबद्दल विचारायचे. पंपाच्या खोलीत कुणी शोधत नाही.” दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी ‘तळमजला’ हे नाव आपणच सुचवल्याचं सांगितलं आणि तसं स्वच्छ लिहा म्हणून बजावलं. सोसायटीचे खजिनदार म्हणाले, सुरुवातीलाच सोसायटीचे आभार हवेत. ते नसतील तर खोलीच्या दिव्याचं बिल कुणाच्या नावावर, याचा फेरविचार करावा लागेल. जज्जसाहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, “माझी हरकत आहे एवढंच नोंदवा.” मी म्हटलं, “कशाला?” म्हणाले, “ते वेष्टन छापून आल्यावर बघू.”

एक पानाचा इतिहास फुगत चालला. मी ‘अडथळे आणि संघर्ष’ या प्रकरणापर्यंत आलो. “ज्या कर्णकर्कश पंपाशी झुंजत या कलावंतांनी तारुण्य वेचले,” असं एक वाक्य हातून उतरलं आणि मी लेखणी खाली ठेवली. मनात आलं, इतिहासकार नुसता लिहितो, पण मी सेक्रेटरी आहे. हा अडथळा मी दूर करू शकतो! रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता देऊ शकतो. शिवाय इतिहासात स्वतःचं नाव शोभेलशा जागी कसं घालावं, हा जो प्रश्न मला काही दिवस छळत होता, तोही सुटत होता.

कमिटीला पटवलं. खजिनदार म्हणाले, चालू पंप का बदलायचा? प्लंबर म्हणाला, हा आता काही दिवसांचा. पुढल्या घरातल्या काकांनी सल्ला दिला की नवा घ्याल तो आवाज करणारा घ्या, म्हणजे चालू आहे की नाही ते कळतं. त्यांच्याकडे मी दुर्लक्ष केलं. सगळं गुपचूप उरकलं. बँडला चकित करायचं होतं ना. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तिघांना सुट्टी दिली, जुना पंप भंगारात धाडला आणि नवा बसवला. हात ठेवल्याशिवाय चालू आहे हे समजणार नाही, असा गुणी पंप.

रविवारी सकाळी रेकॉर्डिंगवाल्याने खोलीभर तारा पसरल्या. मी दोन शब्द बोललो. “आजवर तुम्ही गोंगाटात वाजवलंत,” असं म्हणून मी पंपाचं बटण दाबलं आणि कान देऊन उभा राहिलो. काहीही ऐकू आलं नाही. मेहुण्याने मला मिठी मारली. म्हणाला, “भाऊजी, हे आम्हाला सुचलंच नसतं.” तो माझ्या सेक्रेटरीपणातला परमोच्च क्षण. फार टिकला नाही.

त्यांनी जिन्याचं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यातच काहीतरी बिनसलं. डॉक्टरांचा ठेका लंगडत होता, चालता चालता पायरी चुकावी तसा. मेहुण्याचा आवाज हळूहळू भलतीकडे निघाला. बाईंनी तारा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. थांबले. परत सुरू केलं. परत तेच. अगदी चपलांच्या दुकानात वाजलं होतं तसं.

“तुम्ही घाई करताय,” बाई म्हणाल्या.

“मी? याला सूर सापडत नाहीये!” डॉक्टर म्हणाले.

“मला बेस ऐकूच येत नाही,” मेहुणा म्हणाला.

रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचं यंत्र काढलं. “त्या दिवशी ऐकलं ते हे नव्हे,” तो म्हणाला. बिचाऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दुपारपर्यंत हेच. शेवटी डॉक्टरांनी काठ्या खाली ठेवल्या. “बाहेर असं व्हायचं तेव्हा स्पीकरला शिव्या दिल्या. आता इथेही होतंय. म्हणजे आपणच असे आहोत. जाऊ दे, चांगली गेली वर्षं.” मेहुण्याने गिटार पेटीत ठेवली आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिला. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ट्रे तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

“साहेब, बंद केलंय,” मी घाईघाईने म्हणालो. “आता काही त्रास नाही तुम्हाला.”

“त्रास कसा नाही?” जज्जसाहेब आत आले. घरातल्या सपाता, हातात काठी. “सकाळपासून चुकीचं वाजवताहेत हे. जिन्याच्या गाण्यात पहिली ओळ झाली की एक खट असतो. तो कुठे गेला?”

“कुठला खट?” डॉक्टर म्हणाले. “तिथे मी वाजवत नाही. ती जागा मोकळीच सोडतो.”

“मोकळी? अठरा वर्षं ऐकतोय मी. तिथे खट असतो, दुसऱ्या ओळीनंतर परत असतो. आणि खालून तो एक सूर असतो, घूं असा, ज्यावर हा गातो. तोही नाही आज.”

“तिथे तुम्ही नाही वाजवत,” बाई सावकाश डॉक्टरांना म्हणाल्या, “आणि मीही नाही. मग कोण वाजवायचं?”

 मग सगळे पंपाच्या बाजूच्या भिंतीकडे बघायला लागले. तिथून त्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या.

म्हणजे झालं होतं असं. माझ्या त्या अजोड तोडग्यामुळे या लोकांनी पंपाशिवाय कधी सराव केलाच नव्हता. मेहुणा नकळत त्याच्या सुरात सूर मिसळायला शिकला होता. डॉक्टरांनी त्याच्या खटसाठी जागा सोडली होती. तो बँडचा चौथा माणूस होता आणि हे त्या तिघांनाही माहीत नव्हतं. बाहेर जाताना हे दर वेळी त्याला घरी ठेवून जायचे. आणि मी काल त्याला भंगारात घातलं होतं.

“तुम्हाला गाणी आवडतात?” मेहुण्याने जज्जसाहेबांना विचारलं.

“मी तसं म्हटलेलं नाही,” साहेब म्हणाले. “पाठ आहेत.”

पुढची धावपळ मी थोडक्यात सांगतो, कारण आठवली की मला धाप लागते. रेकॉर्डिंगवाल्याकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता, दुसऱ्या दिवशी तो दूरगावी निघणार होता. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला भंगारवाल्याला विचारा. भंगारवाला म्हणाला, पंप सकाळीच गेला, गावाबाहेरच्या रोपवाटिकेत. खजिनदार खिडकीतून ओरडले की विकलेली वस्तू परत आणायला सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. जज्जसाहेब खिडकीकडे बघून म्हणाले, “हरकत फेटाळली,” आणि डॉक्टरांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर ड्रमची पितळी थाळी दिली. मागे बाई, मी, ही आणि सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही. मेहुणा गिटार घेऊन रेकॉर्डिंगवाल्याच्या टेंपोत बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशीही भाच्याच्या त्याच टेंपोतून आल्या. नाव त्यांनी सुचवलं होतं ना.

रोपवाटिकेचा मालक हातात नळी घेऊन उभा होता. मी त्याला सगळा इतिहास सांगितला. माझा इतिहास शेवटपर्यंत ऐकणारा तो पहिला माणूस. ऐकून म्हणाला, “पंप मिळणार नाही. झाडं पाणी पितायत.”

“थोडा वेळ तरी...”

“हलवणार नाही. तुम्ही इथे वाजवा की. माझी काही हरकत नाही, झाडांचीही नसावी.”

तेव्हा कुंड्या सरकवून पंपाच्या शेडमध्ये ड्रम मांडले. बाई खताच्या पोत्यावर बसल्या. जज्जसाहेबांना एक मोठी कुंडी पालथी घालून दिली. मालकाने झाडांच्या पाण्याची टाकी भरायला बटण दाबलं.

घूंऽऽ. खट.

डॉक्टरांचा चेहरा मी विसरणार नाही. प्रवासात हरवलेला माणूस पुढच्या स्टेशनावर उभा दिसावा तसे ते त्या पंपाकडे बघत होते. मग त्यांनी ठेका धरला आणि तो सरळ चालायला लागला. बाईंची तार घुमली. मेहुण्याने तोंड उघडलं आणि आवाज जिथे जायचा तिथे गेला. गाण्यामागून गाणं झालं. मी जिन्यात बसून तुकड्यातुकड्याने चोरून ऐकलेलं सगळं मला समोर बसून सलग ऐकायला मिळालं. एवढी वर्षं, एवढे अपमान, आणि हे लोक एवढं सुंदर काहीतरी सांभाळून बसले होते, पंपाच्या खोलीत, कुणी विचारत नसताना. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तिथे मीटरही नव्हता, त्यामुळे मी उघडउघड डोळे पुसले.

जिन्याचं गाणं शेवटचं ठेवलं होतं. ते ऐन रंगात आलं, मेहुण्याने वरचा सूर घेतला, आणि पंप बंद पडला. टाकी भरली होती. मालक बटणाकडे धावला, पण भरलेल्या टाकीत पाणी कुठे घालणार? मी डोळे मिटून घेतले. आता ठेका लंगडणार, आवाज घसरणार, आणि डॉक्टर काठ्या ठेवणार.

पण घूं थांबला नव्हता. मी डोळे उघडले. कुंडीवर बसून, हनुवटी वर करून, जज्जसाहेब घूं करत होते. अगदी तोच सूर. ठरल्या जागी त्यांनी काठी कुंडीवर आपटली. खट. मग हिने सूर मिसळला, मग मावशींनी. आम्ही सगळ्यांनीच तो पंप इतकी वर्षं ऐकला होता, तो आमच्याही घशात येऊन बसला असणार. मीही तोंड उघडलं. मेहुण्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

संपल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने बोट वर धरलं होतं, कुणी बोलू नये म्हणून. ते खाली आलं. डॉक्टर खांदा चोळत उठले, काठ्या खिशात घातल्या आणि म्हणाले, “उद्या नेहमीच्या वेळी ना?”

मेहुणा गिटार पुसायला लागला. उत्तर बाईंनी दिलं. “उशीर करू नका,” म्हणाल्या.

रेकॉर्ड निघाली. माझा इतिहास त्यांनी वेष्टनावर घेतला नाही, जागा नव्हती म्हणे. नुसती कोण काय वाजवतं तेवढी माहिती आहे. शेवटची ओळ, ‘घूं आणि खट: पंप, नंतर वरच्या मजल्यावरचे लोक’. बाईंनी लिहिली. एवढ्यात सगळं आलं हे मला मान्य करावं लागलं. पंपही परत आला. मालकाला बदल्यात आमचा मुका पंप दिला, आणि सभेत खजिनदारांनी विरोध करू नये म्हणून जज्जसाहेबांनी रीतसर तक्रार मांडली की इमारतीत आवाज होत नसल्यामुळे रहिवाशांना त्रास होतो. ती एकमताने मंजूर झाली.

आता बँडला बाहेरची बोलावणी येतात. परवा एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. पंप काही सगळीकडे नेता येत नाही. पडद्यामागे अंधारात मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो, वरचं बटण लावून, आणि शेजारी काठी घेऊन जज्जसाहेब. मेहुण्याने गिटार गळ्यात अडकवली, वळून आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. आम्ही सूर लावला.

“सेक्रेटरी,” साहेब श्वास घेताना हळूच म्हणाले, “किंचित चढताय तुम्ही.”

मी उतरलो.